स्ट्रॉबेरी, गुलाब आणि जिन: घरच्या घरी फेसाळ कॉकटेल

जिन, लिंबू, साखर आणि वरून फेसाळ वाइन एवढ्या चारच वस्तूंचे एक जुने कॉकटेल आहे. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच सैन्याच्या ७५ मिलिमीटर तोफेवरून त्याला ‘फ्रेंच ७५’ हे नाव मिळाले आणि ते आजही जगभरातील बारमध्ये केले जाते. या लेखात त्याच बांधणीवर उभे असलेले एक पेय सांगितले आहे. त्यात साध्या साखरेऐवजी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा कच्चा, न शिजवलेला पाक आहे आणि सुगंधासाठी गुलाब आहे. जिन गोव्याची, वाइन नाशिकची आणि फळ साताऱ्याच्या डोंगरातले, असे सगळे सामान आपल्याच भागात मिळते. त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याला परदेशी बाटल्यांच्या मागे लागावे लागत नाही.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. या पेयाची खरी गोडी ज्या दोन गोष्टींत आहे, त्या दोन्ही उडून जाणाऱ्या आहेत. फुलाफळांचा सुगंध उष्णतेने उडतो, तर वाइनमधला वायू उष्णतेने, हलवण्याने आणि पेयात तरंगणाऱ्या बारीक कणांमुळे उडतो. म्हणून पाक शिजवायचा नाही, तो वस्त्रगाळ करायचा, सगळे सामान गार ठेवायचे आणि फेसाळ वाइन अगदी शेवटी, हलक्या हाताने ओतायची. एवढे सांभाळले, तर मापात थोडे इकडेतिकडे झाले तरी पेय चांगले होते. हे सोडले, तर अचूक माप घेऊनही हाती गोड, निवलेले सरबत येते.

एक सूचना आधीच केलेली बरी. महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन अशा प्रकारांत मिळतो, आणि जिनसारख्या मद्यासाठी वय २५ वर्षे पूर्ण असावे लागते. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्यातील नियम वेगळे असल्यामुळे तिथली बाटली इकडे आणताना वाहतुकीचा परवाना घ्यावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

सामान निवडताना

जिन म्हणजे मुळात धान्याच्या किंवा उसाच्या मळीच्या निर्गंध मद्यार्काला जुनिपरच्या फळांचा आणि इतर मसाल्यांचा गंध देऊन तयार केलेले मद्य. हे जुनिपर आपल्याला अगदीच परके नाही. हिमालयात ते उगवते आणि आयुर्वेदात त्याला ‘हपुषा’ म्हणतात. याच शब्दावरून ‘हापुसा’ हे एका भारतीय जिनचे नाव ठेवले आहे. नवख्याने मात्र ‘लंडन ड्राय’ असे लिहिलेली साधी बाटली घ्यावी. हे नाव गावाचे नसून पद्धतीचे आहे. या पद्धतीत सगळे गंधद्रव्य ऊर्ध्वपातनाच्या वेळीच येते आणि नंतर रंग किंवा जाणवेल इतकी गोडी घातली जात नाही. गोव्यात तयार होणारी ‘ग्रेटर दॅन’ ही या प्रकारची, सहज मिळणारी जिन आहे. बाजारात गुलाबी रंगाच्या, आधीच स्ट्रॉबेरीचा स्वाद दिलेल्या जिनही असतात. त्या या कृतीत वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बाटलीतला तयार स्वाद ताज्या फळाच्या स्वादावर बसतो आणि फळ हरवून जाते.

फुलांशी जिनचे इतके चांगले जमते, त्याला कारण आहे. जुनिपरच्या खालोखाल जिनमध्ये जवळजवळ नेहमी धणे असतात, आणि धण्यांच्या तेलात लिनालूल नावाचे द्रव्य भरपूर असते. हेच द्रव्य अनेक सुवासिक फुलांतही सापडते. स्ट्रॉबेरी आणि गुलाब तर एकाच वनस्पतिकुळातले आहेत. म्हणजे हे त्रिकूट ओढूनताणून जमवलेले नाही. त्यात आधीपासूनच नाते आहे आणि आपले काम ते बिघडू न देण्याचे आहे.

फेसाळ वाइन घेताना बाटलीवर ‘ब्रूट’ हा शब्द शोधावा. ब्रूट म्हणजे कमी साखरेची. युरोपीय नियमांनुसार तिच्यात लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. आपण पाकातून गोडी घालणारच आहोत, त्यामुळे ‘डेमी-सेक’सारखी गोड वाइन घेतली तर पेय तोंडाला चिकटते. महाराष्ट्रात फेसाळ वाइनची परंपरा १९८० च्या दशकात नारायणगावला सुरू झाली. आज नाशिक परिसरातील सुला आणि दिंडोरीजवळील शाँदाँ यांच्या ब्रूट बाटल्या मोठ्या शहरांतील बहुतेक दुकानांत मिळतात. या कामासाठी खरी फ्रेंच शॅम्पेन आणू नये. लिंबू आणि फळ मिसळल्यावर तिचे बारकावे लपून जातात आणि पैसे वाया जातात.

स्ट्रॉबेरी डोळ्यांपेक्षा नाकाने निवडावी. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि साधारण डिसेंबर ते मार्च हा तिचा भर असतो. हे फळ तोडल्यानंतर पिकत नाही. देठाजवळ पांढरट असलेली स्ट्रॉबेरी घरात दोन दिवस ठेवल्याने मऊ पडेल, पण तिच्यात गोडी किंवा वास वाढणार नाही. म्हणून आकाराने मोठी पण वास नसलेली फळे सोडून, लहान का होईना, देठापर्यंत लाल आणि खोका उघडताच घमघमणारी फळे घ्यावीत. किंचित नरम पडलेली चालतात. बुरशी आलेले एकही फळ चालत नाही.

लिंबू आपले नेहमीचे कागदी घ्यावे. मूळ कृतीत युरोपातले पिवळे, जाड सालीचे लिंबू असते. आपले त्यापेक्षा तिखट आंबट असल्यामुळे परदेशी कृतींतले माप जसेच्या तसे उतरवले, तर पेय आंबटढाण होते. रस त्याच दिवशी, शक्यतो तासाभरापूर्वी काढावा आणि गाळून घ्यावा. साल जोरात पिळली की तिचा कडवटपणा रसात उतरतो. तेव्हा शेवटचा थेंब काढण्याचा हट्ट इथे धरू नये.

पाक: इथे घाई करू नये

पाव किलो स्ट्रॉबेरी देठासह धुऊन कोरड्या कराव्यात आणि मग देठ काढावेत. आधी देठ काढून धुतले तर फळात पाणी शिरते. प्रत्येक फळाचे चार तुकडे करून ते काचेच्या भांड्यात घ्यावेत, त्यावर १५० ग्रॅम साखर पसरावी, हलकेच ढवळून झाकण लावावे आणि भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. साखर फळातला रस बाहेर ओढते आणि त्याच रसात विरघळते. कैरीला मीठ लावून ठेवल्यावर जे होते, तेच इथे घडते. मधून एकदोनदा ढवळले की तळाशी बसलेली साखरही विरते. सकाळी भांड्यात माणकासारखा लाल, पातळ पाक सुटलेला असतो आणि तुकडे आक्रसून फिकट झालेले असतात.

हाच पाक गॅसवर दहा मिनिटांत करता येतो, हे खरे आहे. पण शिजवलेल्या पाकाला मुरंब्याचा वास येतो, ताज्या फळाचा येत नाही, आणि रंगही लालचा विटकरी होत जातो. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून चाखल्यापासून मी या पेयासाठी पाक पुन्हा कधी शिजवला नाही.

आता गाळणे. आधी चहाच्या बारीक गाळणीतून आणि मग ओल्या केलेल्या मलमलच्या किंवा जुन्या सुती फडक्यातून पाक गाळावा. फडके पिळू नये. पाक आपल्या गतीने टपकू द्यावा. ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि नेमकी इथेच चूक होते. फेसाळ वाइनमधला वायू बाहेर पडायला आधार शोधत असतो. फळाच्या गराचा प्रत्येक कण, साखरेचा प्रत्येक न विरलेला दाणा हा असा आधार बनतो. सुरुवातीला मी मिक्सरमधून काढलेला दाट गर थेट ग्लासात घातला होता. वाइन ओतताच गुलाबी फेसाचा डोंगर काठावरून टेबलावर उतरला आणि तो निवल्यावर ग्लासात उरलेल्या पेयात बुडबुडा म्हणून राहिला नव्हता. त्या दिवसापासून वस्त्रगाळ पाकाला मी पर्याय मानत नाही. इतक्या सामानातून साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाक मिळतो. तो बंद बाटलीत, फ्रिजमध्ये चारपाच दिवस चांगला राहतो.

गुलाब किती आणि कधी

सोपा मार्ग गुलाबपाण्याचा आहे, पण ते खाण्यासाठीचे असावे. चेहऱ्याला लावण्याच्या बाटल्या इथे चालत नाहीत. एका ग्लासाला दोन ते तीन थेंब पुरेत. गुलाबाचा वास जिभेवर येईपर्यंत घातला, तर पेयाला अत्तराची किंवा साबणाची आठवण येते. ग्लास नाकाशी नेताना वास यावा आणि घोट घेताना स्ट्रॉबेरी पुढे यावी, हे प्रमाण बरोबर आहे.

अंगणात किंवा गच्चीवर गावठी गुलाबी गुलाब असेल आणि त्यावर कोणतेही औषध फवारलेले नसेल, तर पाकळ्या वापराव्यात. त्याला तोड नाही. पाकळीच्या बुडाशी असलेला पांढरा भाग कडवट असतो. तो काढून मूठभर पाकळ्या साखरेत चुरडाव्यात आणि स्ट्रॉबेरीसोबतच रात्रभर मुरवाव्यात. मग गुलाबपाणी घालायची गरज उरत नाही. फुलवाल्याकडचे, पुष्पगुच्छातले गुलाब मात्र खाण्यासाठी वाढवलेले नसतात. ते पेयातही घालू नयेत आणि सजावटीसाठी ग्लासातही तरंगवू नयेत. सजावटीच्या उत्साहात कण्हेर, बिट्टी किंवा धोतरा यांसारखे विषारी फूल ग्लासाच्या आसपासही येऊ देऊ नये. गुलकंद घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण उन्हात मुरलेल्या गुलकंदाची चव जड आणि गडद असते. ती विड्यात शोभते, इथे नाही.

कृती

भांड्यांसाठी खर्च करण्याची गरज नाही. शेकरऐवजी घट्ट फिरकीचे झाकण असलेली रुंद तोंडाची स्टीलची बाटली किंवा काचेची बरणी चालते. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारी मिलिलिटरच्या खुणांची प्लास्टिकची कपी हे उत्तम माप आहे. ती नसल्यास मोजण्याच्या चमच्यांपैकी मोठा १५ मिलिलिटरचा आणि लहान ५ मिलिलिटरचा धरावा. ग्लास उंच आणि अरुंद असावा. पसरट ग्लासात पृष्ठभाग मोठा असल्यामुळे वायू लवकर निघून जातो.

पहिली पायरी थंडाव्याची. वाइनची बाटली निदान चार तास फ्रिजमध्ये ठेवावी. शून्य अंशाजवळचे पाणी २० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. कोमट वाइन उघडताच ओसंडते, त्याचे कारण हेच आहे. ही बाटली फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नये, कारण वाइन गोठून फुगली तर बाटली फुटते. जिन मात्र फ्रीझरमध्ये निर्धास्त ठेवावी. ४२.८ टक्के मद्यार्काची जिन घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. ग्लासही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत.

दुसऱ्या पायरीत बरणीत ३० मिलिलिटर जिन, २० मिलिलिटर पाक, १२ मिलिलिटर लिंबाचा रस आणि गुलाबपाण्याचे थेंब घ्यावेत. मोठे, कोरडे, नुकतेच फ्रीझरमधून काढलेले पाचसहा बर्फाचे खडे घालून झाकण पक्के लावावे आणि बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवावे. हलवल्याने मिश्रण गार होते आणि वितळलेल्या बर्फाचे तीनचार लहान चमचे पाणी त्यात मिसळते. हे पाणी दोष नाही, त्यामुळेच जिनचा तिखटपणा उतरतो. फेसाळ वाइन किंवा सोडा कधीही बंद भांड्यात घालून हलवू नये. आतला दाब झाकण उडवून देतो आणि इजा होऊ शकते. हलवून झाल्यावर मिश्रण चहाच्या गाळणीतून गार ग्लासात गाळावे, म्हणजे बर्फाची चुरी मागे राहते.

तिसरी पायरी बाटली उघडण्याची आणि इथे नवख्याने खरोखर सावध असावे. पारंपरिक पद्धतीच्या फेसाळ वाइनच्या बाटलीत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या तो दुपटीहून अधिक आहे. वरचा कागद काढून बुचावर अंगठा दाबून धरावा आणि मगच तारेची जाळी सैल करावी. तिला साधारण सहा अर्धे फेरे असतात. जाळी सैल झाल्यापासून बूच निघेपर्यंत अंगठा उचलू नये आणि बाटलीचे तोंड कोणाच्याही दिशेला करू नये. बाटली तिरपी धरून, बूच एका हाताने घट्ट पकडून, दुसऱ्या हाताने बाटलीचे बूड हळूहळू फिरवावे. म्हणजे बूच फिरत नाही, बाटली फिरते. शेवटी बूच स्वतःहून वर येऊ लागते. तेव्हा त्याला उलट दाबून धरत, उसासा टाकल्यासारखा हलका आवाज येईल असे सोडावे. मोठा आवाज करून उडवलेल्या बुचाबरोबर आपल्याला हवा असलेला वायूच बाहेर जातो.

चौथ्या पायरीत ग्लास थोडा तिरका धरून त्याच्या कडेवरून ९० मिलिलिटर वाइन दोन टप्प्यांत ओतावी. आधी थोडी ओतून फेस खाली बसू द्यावा आणि मग उरलेली ओतावी. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलावा, इतके ढवळणे पुरेसे आहे. पाक जड असल्यामुळे तो तळाशी राहतो आणि हा एक उचलका हात नसेल, तर पहिला घोट फिका व शेवटचा गोडमिट्ट लागतो. स्ट्रॉबेरीचा तुकडा आत न टाकता चीर देऊन काठावर खोचावा. आत टाकलेला तुकडाही वायूला आधारच देतो. लिंबाच्या हिरव्या सालीचा पातळ काप ग्लासावर धरून दुमडला, तर सालीतले तेल पृष्ठभागावर उडते आणि गुलाबाच्या वासाला एक टवटवीतपणा येतो.

पहिला ग्लास नेहमी स्वतः चाखून पाहावा. फळांची गोडी खोक्यागणिक बदलते, त्यामुळे कागदावरचे माप शेवटचे मानू नये. चव बोथट वाटली, तर बहुधा लिंबू कमी असते, पाक नव्हे. पाव चमचा रस वाढवून पुन्हा पाहावे. घशाला आंबट झोंबत असेल, तर पाक थोडा वाढवावा. पेय गार आणि चवीला नीट असूनही निर्जीव वाटत असेल, तर वाइन आधीच उघडून ठेवलेली होती किंवा पाक नीट गाळलेला नव्हता असे समजावे.

या ग्लासात मद्य किती आहे, हे पाहुण्यांना सांगावे, कारण रंग आणि गोडी यांमुळे ते जाणवत नाही. ३० मिलिलिटर जिन म्हणजे एक लहान पेग झाला. ९० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण १२ टक्के मद्यार्क धरला, तर तीही जवळजवळ तेवढीच भर घालते. म्हणजे एक ग्लास दोन लहान पेगांच्या आसपास जातो. सोबत खायला द्यावे, पाणी द्यावे, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला हे पेय देऊच नये.

आठ जणांसाठी, आणि वाइन नसेल तेव्हा

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ९० मिलिलिटरचे आठ ग्लास होतात. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत तशी राहत नाही. तिच्या तोंडात चमचा अडकवून ठेवण्याचा प्रचलित उपाय उपयोगाचा नाही. म्हणून हे पेय आठ ग्लासांच्या हिशेबानेच करावे. २४० मिलिलिटर जिन, १६० मिलिलिटर पाक, ९५ मिलिलिटर लिंबाचा रस आणि पाव लहान चमचा गुलाबपाणी एका बाटलीत एकत्र करावे. त्यात बर्फ वितळून आले असते तितके, म्हणजे सुमारे १४० मिलिलिटर गार पाणी घालून बाटली दोनतीन तास फ्रिजमध्ये ठेवावी. पाहुणे आले की प्रत्येक ग्लासात या मिश्रणाचे ८० मिलिलिटर घालून वर वाइन ओतावी. यजमानाला स्वयंपाकघरात उभे राहून बरणी हलवत बसावे लागत नाही.

वाइन मिळाली नाही किंवा मद्य कमी हवे असेल, तर तिच्या जागी तितकाच अतिशय गार सोडा घ्यावा, उंच ग्लासात बर्फ घालावा आणि पाक २५ मिलिलिटर करावा. मग ग्लासात एकाच लहान पेगाचे मद्य राहते. टॉनिक वॉटर मी सुचवणार नाही. त्यातल्या क्विनीनचा कडवटपणा नाजूक गुलाबावर मात करतो. मद्य न घेणाऱ्यांसाठी पाक मुरवताना त्यात एक लहान चमचा भरडलेले धणे घालावेत आणि गाळल्यावर तो पाक लिंबू व सोड्याबरोबर द्यावा. जिनमधली फुलांची छटा धण्यांतूनही येते आणि ते पेय नुसत्या सरबतासारखे लागत नाही.

मार्चनंतर स्ट्रॉबेरी संपते आणि तेव्हाच मोगरा फुलू लागतो. माठातल्या पाण्यात मोगरा घालण्याची आपली रीत इथे कामी येते. घरचा, न फवारलेला आठदहा कळ्यांचा मोगरा साध्या, पूर्ण गार झालेल्या साखरेच्या पाकात संध्याकाळी टाकावा आणि सकाळी काढून घ्यावा. जास्त वेळ ठेवला तर कडवटपणा उतरतो. फळासाठी पाकात पिकलेल्या करवंदांचा किंवा जूनमध्ये जांभळांचा गाळलेला रस मिसळावा. जांभूळ तुरट असल्याने लिंबू दोनतीन मिलिलिटर कमी करावे. बाकी मापे आणि पायऱ्या त्याच राहतात.

फडक्यात उरलेले स्ट्रॉबेरीचे तुकडे टाकू नयेत. त्यात पाकळ्या मुरवलेल्या असतील तर अधिकच चांगले. टांगून घट्ट केलेल्या दह्याच्या चक्क्यात ते मिसळले, तर वेगळी साखर जेमतेम लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणात गुलाबाच्या वासाचे श्रीखंड होते.